बारा नाताळांचं एकच कार्ड

बिबवेवाडी, पुणे
१९ डिसेंबर २००४

नाही, मी मेलो नाही, कुठे घसरून पडलो नाही, आणि माझं डोकंही जागेवर आहे. माझी पाळी असली की कार्ड पंधरा तारखेच्या आत नगरला पोचतं, यंदा पोचलं नाही, म्हणून तुझ्या मनात हेच आलं असणार. (तोंडाने विचारणार नाहीस, तेवढा ताठा घराण्यातच आहे.) असो. मंदाकिनीस दादाचे आशीर्वाद, नागोराव दाजींना प्रभूमध्ये सलाम. त्यांचा दमा काय म्हणतो? तुझे गुडघे? मी ठणठणीत. मार्केट यार्डातलं तोलाईचं काम सोडून तीन वर्षं झाली, तरी गोणी दिसली की उचलून वजन सांगतो, आणि द्वारका म्हणते, “अहो, ती शेजाऱ्यांची आहे, ठेवा खाली.”

तर कार्डाचं असं झालं. आमचा अभिनव खराडीला कंप्युटरच्या कंपनीत आहे. (काय करतो ते त्यालाही धड सांगता येत नाही. दिवसभर बसतो आणि दमून येतो.) मी कार्ड काढून बसलो तर म्हणाला, “बाबा, पोस्टाने कोण पाठवतं आता? एका मिनिटात ई-कार्ड जाईल. हिराताईचा ईमेल आहे माझ्याकडे.” आणि दाखवलंन. टोपी घातलेलं हरीण, गाण्यावर नाचतंय. मला राग नाही आला, उलट गंमत वाटली. मी विचारलं, मशीन बंद केल्यावर हे हरीण राहतं कुठे? तर म्हणे सर्व्हरवर. सर्व्हर कुठे? अमेरिकेत. म्हणजे बिबवेवाडीहून नगरला जायला हे अमेरिकेला वळसा घालणार? हो म्हणाला. शिरूरवरून सरळ रस्ता असताना! आणि तुझ्या हिराने ते उघडलंच नाही, तर नाचत कुणासमोर असेल? यावर त्याने हरीण पुन्हा पहिल्यापासून नाचवून दाखवलं. पगार मात्र घेतो.

मी म्हटलं, हरीण नको, आपलंच कार्ड पाठव. आपलंच म्हणजे ते बर्फातल्या चर्चचं. तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण तू विसरल्याचं सोंग करशील. ब्याण्णव साली हिराच्या लग्नाची पत्रिका तू मला पोस्टाने टाकलीस. थोरल्या सख्ख्या भावाला! सुपारी-नारळ राहू दे, पण माणसाने दारात येऊन सांगायचं असतं की नाही? मी लग्नाला आलो नाही, बोलणंही सोडलं. पण नाताळ आला तेव्हा चैन पडेना, म्हणून ते कार्ड पाठवलं. पाकीट उघडं ठेवून, स्वस्तातल्या बुक पोस्टाने. आपल्या पोस्टमनने सांगितलं होतं की त्यात पाचच शब्द चालतात, म्हणून पाचच लिहिले. नाताळच्या शुभेच्छा. सर्व ठीक. दादा. पुढच्या वर्षी तू तेच कार्ड मला परत पाठवलंस, माझ्या अक्षरावर कोरा कागद चिकटवून, वर तुझे पाच शब्द. मी म्हटलं, बरं, असं का? मीही कागद चिकटवला. एक वर्ष मी, एक वर्ष तू. बारा नाताळ. कार्ड आतून भाकरीएवढं जाड झालं, दोघांनी कधी त्याचा विषय काढला नाही.

अभिनवने ते स्कॅनरमध्ये घातलं तर वरचं झाकण बसेना. म्हणाला, आतले थर काढा. मला पण एकदम उत्सुकता वाटली, काय काय लिहिलं होतं आपण? म्हणून द्वारकेच्या इडलीपात्राच्या वाफेवर धरलं. ती ओरडली, “अहो, इडल्या व्हायच्यात, कागद काय उकडताय!” तू कणकेची खळ लावतेस ते बरं, पटापट सुटले. माझे डिंकाचे फाटले. सगळीकडे तेच. सर्व ठीक. आम्हीही ठीक. पुन्हा ठीक. माझं अक्षर दरवेळी वाकडं होत गेलेलं, तुझं जसंच्या तसं.

आणि मग तुझा सगळ्यात पहिला कागद सुटला. त्र्याण्णवचा. त्याच्या मागच्या बाजूला, खळीच्या आत, पेन्सिलने लिहिलेलं. “दादा, माझा पाय प्लास्टरात होता. कशी येणार होते?”

द्वारकेला दाखवलं. ती म्हणाली, “मला माहीत होतं.” मग सांगितलं का नाहीस? “मंदाकिनीचं नाव काढलं की तुम्ही चपला घालून बाहेर. सांगू कुणाला, चपलांना?” सून प्रियदर्शनी हसली. अभिनव स्कॅनरकडे बघत बसला.

पण तुलाही विचारतो. चिकटवून टाकायचं होतं तर लिहिलंस कशाला? आणि सांगायचं होतं तर चिकटवलंस कशाला? पोस्टमनला भ्यालीस की मला?

तर कार्डाचा लगदा झाला, म्हणून यंदा आलं नाही. यात माझी चूक अर्धीच आहे.

तुझा,
दादा (कोंडीराम)

ता. क. पुढच्या वर्षापासून पोस्टाने पाठवायचं की नाही, हे अजून ठरत नाही. अभिनवला विचारलं, ई-कार्डाला मागची बाजू असते का? नसते म्हणाला. मग त्याचा उपयोग काय, तूच सांग.

आणखी ता. क. आमच्या धाकट्या लेकीचं, रुपालीचं लग्न ठरलं आहे, आठ जानेवारीला. पत्रिका छापून आल्या. बाकी सगळ्यांच्या पोस्टात गेल्या, तुझी ठेवून घेतली आहे. गुरुवारी सकाळच्या एसटीने ती द्यायला येतो. द्वारका पण निघाली आहे, मी विचारलं नव्हतं. दाराला कुलूप लावून कुठे जाऊ नकोस. जेवायला साधं कर. पायाचं मी काही बोलणार नाही, तूही बोलू नकोस, आणि रडारड तर अजिबात नको. माफी वगैरे शब्द या पत्रात शोधू नकोस, नाहीत. याउपर एक अक्षर लिहिणार नाही. विचारू नकोस.