घरून परवानगी नाही

२ डिसेंबर २०२४

पाठवला एकदाचा अर्ज! फेब्रुवारीत गुवाहाटीला जनावरांच्या शस्त्रक्रियेवर परिषद आहे. ज्यांच्या घरातून, समाजातून या कामात आजवर कुणी आलं नाही अशा शिकाऊ सर्जनना संघटना प्रवासनिधी देते. म्हणजे मलाच की! ज्यांच्या दवाखान्यात मी शिकते त्या इरावती मॅडम म्हणाल्या, "अफसाना, तू नाही तर कोण?" शिफारसही त्याच देणार.

निबंध ऊसगाडीच्या बैलांवर. बैलाच्या खुराच्या एका नखीचं ऑपरेशन झालं की आब्बा दुसऱ्या, धडक्या नखीला जाड पत्री, म्हणजे बैलाचा नाल, मारतात. दुखऱ्या बाजूवर भार येत नाही. चाळीस वर्षं नालबंदी केलेला माणूस, त्याला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आब्बा अर्ध्या शिवाजी पेठेला सांगून आले — "माजी पत्री इमानात बसनार हाय!"

९ डिसेंबर

तीन ऑपरेशनं. तिन्ही मीच केली. मॅडम शेजारी उभ्या राहून सांगत होत्या. एवढा विश्वास कोण टाकतं?

२८ डिसेंबर

यादी लागली. माझं नाव नाही.

३० डिसेंबर

न राहवून संघटनेत फोन केला. तिथला क्लार्क आपल्याकडचाच निघाला. "तुमचं नाव पयलं हुतं की ओ! पण शेरा हाय न्हवं — घरून परवानगी नाही."

कुणाचा शेरा?

"शिफारस दिलेल्या मॅडमचाच."

पुढे तो काय बोलला, आठवत नाही.

मॅडम! दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते. आणि संघटनेला एक फोन करून विचारावंसं वाटलं नाही? नाव अफसाना, बाप नालबंद — मग परवानगी नसणारच! आमच्यासारख्यांसाठीच काढलेला निधी, आणि ही थाप तिथे लगेच खपली.

३१ डिसेंबर

आब्बांना सांगितलं. त्यांनी हातोडा खाली ठेवला. "मला इचारलं बी न्हाय कुनी," एवढंच म्हणाले. अम्मीनं नवी बॅग पलंगाखाली सरकवली.

२ जानेवारी २०२५

कामाला गेले नाही. फोन उचलला नाही.

४ जानेवारी

केबिनचं दार लावून विचारलंच. मॅडम खिडकीकडे बघत राहिल्या. मी त्यांना विश्वासघातकी म्हणाले — तोंडावर! एक शब्द बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. काम सोडते म्हणून चिठ्ठी टेबलावर ठेवली. त्या म्हणाल्या, "उसाचा हंगाम संपेपर्यंत तरी थांब." कशाला थांबू? रडू आलं ते जिन्यात.

५ जानेवारी

पुस्तकं आणायला गेले होते. वारणानगरच्या कारखान्यावरून आलेला बैल भूल देऊन झोपवलेला. आत मॅडम एकट्याच. त्यांनी सुरी उचलली आणि त्यांचा हात थरथरायला लागला. डाव्या हातानं मनगट धरलं तरी थांबेना. सुरी खाली पडली.

"आठ महिने झाले," त्या म्हणाल्या. "तू आठवडाभर गेली असतीस तर सगळ्यांना कळलं असतं गं."

मी दुसरी सुरी घेतली. ऑपरेशन नीट झालं. मग रजिस्टर ओढलं आणि सर्जनच्या रकान्यात मॅडमच्या जागी पहिल्यांदाच माझं नाव लिहिलं. मॅडमनी वाचलं. खोडलं नाही.