मंगळवारची मंद आच

२६ फेब्रुवारी २०१९, मंगळवार

सुंईऽ — सप्. सुंईऽ — सप्.

आज दुपारी पाव आणायला निघालो आणि कानात तोच आवाज. बाबांच्या बीफच्या टपरीतलं हाताने फिरवायचं कापयंत्र. चाक फिरलं की पातं गायचं आणि कागदासारखी चकती तळहातावर पडायची. बाबा ती दिव्यासमोर धरायचे. म्हणायचे, पलीकडचा रस्ता दिसला तरच गिऱ्हाइकाला द्यायची. टपरी जाऊन बासष्ट वर्षं झाली. आवाज जागच्या जागी आहे.

मंगळवार माझा. माझी मुलगी लोरेन इस्पितळातून उशिरा येते, जावई स्टॅन दमून येतो, म्हणून रात्रीच्या जेवणाला गरम बीफ-चीज सँडविच. अगदी सोपं. बीफ दुकानातून कापूनच आणतो (बाबांनी मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं!). लसूण, मिरी, ओरिगॅनो घालून मांसाचा रस मंद आचेवर ठेवायचा. लांबट पाव चिरून त्यावर चीज, ते भट्टीत वितळेपर्यंत मांस रसात दोन मिनिटं. मग वर तिखट लोणचं, आणि अख्खं सँडविच चिमट्यात धरून रसात एक बुडी.

रस मात्र उकळता कामा नये. उकळला की मांसाचं चामडं. म्हणून आच इतकी बारीक ठेवायची की ज्योत दिसते न दिसते. बाबांची सगळी विद्या एवढीच.

चीज ही वांडाबाईंची भर. स्टॅनची आई, माझी विहीण, पोलिश. माझी बायको रोझाल्बा गेल्यापासून मी या घरात वरच्या खोलीत, त्या खालच्या. टपरीवर कुणी चीज मागितलं तर बाबा त्याला रस्ता दाखवायचे, हे मी त्यांना शंभरदा सांगितलंय. त्या म्हणतात, "तुमच्या बाबांना कुणी नीट चीज खाऊ घातलं नसेल, व्याहीबुवा." आणि माझ्या पावावर दोन काप जास्त.

छान लागतं. बाबा, माफ करा.

५ मार्च, मंगळवार

आजचं आजच लिहितो.

साडेतीनला रस ठेवला. खिडकीबाहेर बर्फ वितळत होतं, पन्हाळीतून थेंब ताल धरून पडत होते, आणि मला शाळेतली कविता आठवायला लागली. सिस्टर पर्पेचुआ स्वतः कविता करून फळ्यावर लिहायच्या आणि आम्हाला पाठ करायला लावायच्या —

दार असू दे उघडे, बाई, दिवा असू दे दारी,
वाट चुकून कुणी यायचे सांजेच्या अंधारी…

तिसरी ओळ आठवेना. ती शोधत शोधत कोट घातला, पाव आणायला बाहेर पडलो. वांडाबाई त्यांच्या खोलीत झोपल्या होत्या. कोपऱ्यावर तिसरी ओळ सापडली. इतका आनंद झाला की दुकानदारालाही म्हणून दाखवली.

परत आलो तर दारात बंब. वांडाबाई पायरीवर सपाता घालून, अंगावर कुणा जवानाचा कोट. पातेलं जळून काळं ठिक्कर, शेजारचं फडकं पेटलेलं, त्यावरून कपाट. आणखी दहा मिनिटं, आणि…

स्टॅन कामावरून धावत आला. मला विचारलं, "पप्पा, तुम्ही गॅस बंद करून गेला होतात ना?"

मी म्हटलं, "हो."

विचार करून म्हटलं नाही. तोंडातून निघून गेलं.

वांडाबाई माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, मग मीच लावला असेल परत, चहासाठी. जानेवारीत किटली विसरल्या होत्या ना एकदा. सगळ्यांनी माना हलवल्या.

मी पावाची पिशवी धरून उभा होतो.

६ मार्च, राखेचा बुधवार

फादरनी कपाळावर राख लावली. घरी येऊन बघितलं तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर तीच.

८ मार्च, शुक्रवार

हे बासष्ट वर्षं कुठेच लिहिलं नाही. आज लिहितो.

१९५७. मी सोळाचा, नांदो एकोणीसचा. माझा मोठा भाऊ. रात्री टपरी बंद करायची जबाबदारी त्याची. त्या दिवशी त्याला एका मुलीला सिनेमाला न्यायचं होतं. मी मागच्या बाकावर सिस्टरची कविता घोकत बसलो होतो, दुसऱ्या दिवशी पाठांतराची स्पर्धा होती. तो दारातून टोपी चढवत म्हणाला, "गॅस बंद केलास का रे?" मी वहीतून मान वर न करता म्हटलं, हो.

मंद आच. दिसतच नाही ती.

सकाळी टपरीचे फक्त खांब उरले होते. बाबांनी नांदोला सगळ्या गल्लीसमोर थोबाडीत दिली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. तो काहीच बोलला नाही, मीही नाही. आणि मग मी शाळेत जाऊन कविता म्हटली! पदक मिळालं.

महिन्याभरात नांदो सैन्यात गेला. तिथून ॲरिझोनाला. आईच्या प्रेतयात्रेला आला, शेवटच्या बाकावर बसला, कॉफी न घेता गेला. नाताळला कार्ड येतं. खाली फक्त नाव.

१२ मार्च, मंगळवार

स्टॅनने शेगडीची बटणं काढून टाकली आहेत. ती त्याच्या खिशात असतात. कपाट नवं बसवलं. मंगळवारी संध्याकाळी तो बटणं मोजून देतो — मला. "पप्पांच्या हाती काळजी नाही," असं लोरेनला म्हणाला.

वांडाबाई स्वयंपाकघरात येत नाहीत. उंबऱ्याशी उभ्या राहून विचारलं, "मी चीज घातलं तर चालेल का?"

परवानगी! ज्या बाईने माझ्या बाबांची सत्तर वर्षांची परंपरा दोन कापांत मोडली, तिने.

आजचं सँडविच ताटात तसंच ठेवलं. रस झकास झाला होता, हे आणखी वाईट.

१४ मार्च

त्या दिवसभर पुटपुटत असतात. आधी वाटलं प्रार्थना असेल. नाही — नातवंडांची नावं, वाढदिवस, जुन्या घरांचे पत्ते. स्वतःची परीक्षा घेतायत. एक पत्ता चुकला तर हात कपाळावर. दिव्याचं बटण बंद करून पुन्हा जाऊन बघतात. नळ बंद करून पुन्हा.

मी वरच्या खोलीत कवितांची वही घेऊन बसतो. पान उलटत नाही.

१६ मार्च, शनिवार

कबुली द्यायला चर्चमध्ये गेलो. जाळीपलीकडे तरुण फादर. मी सांगितलं, गेल्या शुक्रवारी, मांस वर्ज्य असताना, विसरून सॉसेज खाल्लं. तो म्हणाला, विसरून खाल्लं तर देव समजून घेतो. आणखी काही?

नाही, म्हटलं.

हे तिसरं खोटं.

१९ मार्च, मंगळवार

एक तारखेपासून वांडाबाईंना वृद्धाश्रमात खोली मिळाली. स्टॅनने जेवताना सांगितलं, पावाकडे बघत. लोरेनने माहितीपत्रक दाखवलं — बाग आहे, पोलिश बोलणारी एक नर्स आहे, रविवारी आम्ही आणायला येऊ. वांडाबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या.

नंतर मी भांडी पुसत असताना त्या उंबऱ्याशी आल्या. चीजची किसणी पुढे केली. त्यांच्या आईची, पोलंडहून आलेली, मूठ झिजून गुळगुळीत. म्हणाल्या, तिथे शेगडीच नसते, याचं काय करू? तुम्ही वापरा, मंगळवारी.

आता सांगावं. आत्ता. किसणी घेतली आणि तीच पुसायला लागलो.

"कुणाला काही झालं नाही हे काय कमी?" त्या म्हणाल्या. "मी त्या आगीत झोपेतच गेले असते तर स्टॅनला जन्मभर लागून राहिलं असतं. मी तेवढं तरी केलं नाही त्याला."

त्या गेल्यावर किसणी हातात धरून उभा राहिलो. सांगितलं तर मंगळवार जाईल. बटणं कुणी हातात देणार नाही. आश्रमाचं ते पत्रक माझ्यासमोर उघडलं जाईल. हेच भय आहे, दुसरं काही नाही. लिहिताना लाज वाटते, पण हेच आहे.

२१ मार्च

नांदोला पत्र लिहिलं. चारदा फाडलं. पाचवं तीन ओळींचं झालं — टपरीचा गॅस मी बंद केला नव्हता. तुला हो म्हणालो ते खोटं होतं. परवा पुन्हा तसंच केलं, आणि या वेळी एका म्हाताऱ्या बाईने माझ्या जागी थोबाडीत खाल्ली.

पाकिटात ते पदक टाकलं. पोस्टाच्या पेटीत पडताना वाजलं.

लांबच्या माणसाला सांगणं सोपं असतं. जिन्याखालच्या बाईला सांगणं —

२६ मार्च, मंगळवार

सांगितलं.

चौघंही बसलो होतो. वांडाबाईंनी आपलं सँडविच अर्धं करून अर्धं माझ्या ताटात ठेवलं, आता शेवटचा मंगळवार म्हणून. तेव्हा सांगितलं. गॅस मीच चालू ठेवून गेलो होतो. बंद केला म्हणालो, खोटं बोललो. तीन आठवडे गप्प बसलो.

भट्टी थंड होताना टिकटिक वाजत होती.

लोरेन म्हणाली, "पप्पा, तुम्ही रोज त्यांना नावं पुटपुटताना ऐकत होता." एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. स्टॅन उठून मागच्या अंगणात गेला, कोट न घालता.

वांडाबाईंनी हात रुमालाला पुसले. मला विचारलं, "म्हणजे मी नव्हते?"

नव्हतात.

"मी चहा ठेवलाच नव्हता?"

नाही.

"मी झोपले होते."

हो, वांडाबाई. तुम्ही झोपला होतात.

त्या हसल्या. मग हसता हसता रडायला लागल्या, तोंडावर रुमाल धरून, बराच वेळ. डोळे पुसून दाराशी गेल्या आणि मुलाला हाक मारली. "आत ये, थंडी आहे. त्या आश्रमाला फोन कर. सांग, बाईंना सगळे पत्ते पाठ आहेत." आणि हात पुढे केला. स्टॅनने खिशातली बटणं त्यांच्या हातावर ठेवली.

माझ्याकडे न बघता त्या आपल्या खोलीत गेल्या. अर्धं सँडविच माझ्या ताटात गार झालं. ते खाल्लं नाही. टाकवलंही नाही.

२८ मार्च

बटणं त्यांच्या ॲप्रनच्या खिशात खुळखुळतात. त्या माझ्याशी बोलत नाहीत. घरात आवाज तेवढाच.

त्या मात्र आता पुटपुटत नाहीत.

२ एप्रिल, मंगळवार

वाटलं होतं माझा मंगळवार गेला. पाच वाजता जिन्याखालून हाक आली, "व्याहीबुवा, लोणच्याची बाटली उघडत नाही." आठवड्यातलं पहिलं वाक्य!

गॅस त्यांनी लावला. रस मी बघायचा, बाजूला खुर्ची टाकून, उठायचं नाही, कविता नाही. असा हुकूम. बसलो. पातेल्यावर वाफ वाकडी वाकडी चढत होती. इतक्या वर्षांत मी रसाकडे नुसतं बघत कधी बसलोच नव्हतो.

मग त्यांनी बटण बंद केलं, मला हात धरून जवळ नेलं आणि वाकायला लावलं. "बघा. नीट बघा. आहे का ज्योत?"

नाही, म्हटलं.

माझ्या पावावर त्यांनी चीज घातलं नाही. बरोबरच आहे. इतक्यात नको.

लोरेनने डॉक्टरांची वेळ घेतली आहे, माझ्यासाठी. जाईन. नांदोचं उत्तर नाही. येणारही नाही. त्याच्या जागी असतो तर मीही दिलं नसतं.

९ एप्रिल, मंगळवार

रस शेगडीवर, मी खुर्चीत, वांडाबाई पाव चिरतायत. दाराची घंटा वाजली. त्या म्हणाल्या, तुम्ही जा, माझे हात भरलेत.

दार उघडलं. टोपी घातलेला एक काटकुळा म्हातारा, पायाशी छोटी बॅग, हातात माझंच पाकीट, फाडलेलं. तो आत आला नाही. माझ्याकडेही बघितलं नाही. माझ्या खांद्यावरून, वास येत होता तिकडे बघत नांदो म्हणाला, "गॅस बंद केलास का रे?"

मी म्हटलं, थांब. बघून येतो.