बोटं माझी, नाव तुझं

महाछाई,
थायलंड, ४ मार्च

ती. चो सेइनताईस, धाकटीचा सा. न. वि. वि.

अक्षर पाहून घाबरू नकोस. डाव्या हातानं लिहितेय. आणि हे पत्र आईसमोर उघडू नकोस. तिकडे लष्करानं फोन बंद पाडलेत हे या वेळी बरंच झालं, नाहीतर नुसत्या आवाजावरून तू ओळखलं असतंस. व्हॅनवाली दॉ म्या उद्या सरहद्दीपलीकडे निघालीये, तिच्याजवळ देते.

तीन आठवड्यांपूर्वी कारखान्यात माझी दोन बोटं गेली. उजव्या हाताची, अंगठ्याशेजारची. मासळीचा खिमा करणाऱ्या यंत्रात काटा अडकला होता. यंत्र बंद करूनच हात घाला, असं भिंतीवर तीन भाषांत लिहिलंय. बंद केलं की मुकादम त्याच तीन भाषांत शिव्या घालतो. म्हणून घातला चालू यंत्रात हात.

मला टेम्पोत टाकून दवाखान्यात नेलं. पुढचं मला शेजारच्या न्यो न्योनं सांगितलं. पाव तास सगळ्यांनी घमेल्यांतून बोटं शोधली. सापडली नाहीत. मुकादम म्हणाला, आता काय दिवसभर शोधत बसणार? आणि पट्टा सुरू केला. त्या दिवशीचे माशांचे गोळे उकडले गेले, पाकिटांत भरले गेले, गाडीत चढले. ताई, तेव्हापासून माशाचा वास आला की मी नाक दाबून धरते. आणि या गावात माशाचा वास नाही अशी वीतभर जागा नाही.

मॅनेजरबाई संत्र्यांची टोपली घेऊन आल्या. टोपलीसकट माझा फोटो काढला, आणि टोपलीखालून कागद काढला. त्यात लिहिलं होतं की चूक माझीच. सही जमत नसेल तर अंगठा चालेल म्हणाल्या, अंगठा तर शाबूत आहे ना! मी दिला नाही. संत्री वॉर्डातल्या आयाला दिली.

खरी अडचण पुढेच आहे. कारखान्यात माझ्या नावाची, यिन न्वे नावाची कुणी बाईच नाही. आईसाठी तू गावी परतलीस आणि तुझं कामाच्या परवान्याचं कार्ड मला देऊन गेलीस, तेव्हापासून तीन वर्षं मीच चो सेइन आहे. विम्याची कपात तुझ्या नावावर झाली. म्हणजे बोटं माझी आणि भरपाई तुझी.

आपला एजंट ऊ थाउंग पे येऊन गेला. विडा चघळत, लग्नाला आल्यासारखा खुशीत. म्हणाला, पोरी, नशीब काढलंस! कार्डासाठी ज्या दोन बोटांचे ठसे घेतात तीच गेली. आता तू चो सेइन नाहीस हे ब्रह्मदेवालाही सिद्ध करता यायचं नाही. तुझ्या बहिणीच्या नावावर जन्माची पेन्शन बसवून देतो, माझा वाटा मला दे. हे बोलताना तो हसत होता आणि माझ्या अंथरुणाच्या कडेला लाल थुंकी उडत होती.

काय करू ते कळव. लोभ आहेच, तो या बातमीनं आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

---

लाउंगलोन,
ब्रह्मदेश, २० मार्च

चि. यिन न्वेस अनेक आशीर्वाद.

पत्र गोठ्यामागे बसून वाचलं. दोनदा वाचलं. आईला सांगितलं की यंत्रावर बढती मिळालीये म्हणून पैसे उशिरा येतील. ती खूश होऊन विहारात फुलं वाहून आली. मला माझीच शिसारी आली, पण दुसरं काय सांगणार होते?

लहानपणी भात दोन्ही हातांनी खायचीस म्हणून तुला मारायची मी. आता डाव्या हातानं खा, कुणी काही म्हणणार नाही. जखम ओली ठेवू नकोस. न्यो न्योला म्हणावं, माझ्या बहिणीची वेणी घालत जा, तिचे केस मी दुपटीनं विंचरून देईन.

ऊ थाउंग पे हलकट आहे हे मलाही ठाऊक आहे. पण हलकटालाच वाट माहीत असते. माझं नाव वापर, त्यात कसला संकोच? नाव म्हणजे काय, माझा जुना ब्लाउज! तुला बसतोय ना, मग घाल.

इकडे आपल्या बागेतली सुपारी कुणी व्यापारी उचलत नाही. रस्त्यावर लष्कराची आणि बंडखोरांची, दोन्हीकडची माणसं पैसे काढतात. तुझे भाऊजी घरी बसून आहेत. पावसाळा संपला की मी पुन्हा तिकडे येईन म्हणते, मग दोघी मिळून बघू. जपून राहा. तुझ्याविषयीची माया सांगून वाढायची नाही, म्हणून सांगत नाही.

तुझी ताई

---

महाछाई,
५ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू पावसाळ्यानंतर येणार हे वाचलं आणि रडू फुटलं. ताई, पेन्शन बसली तर तुला येता येणार नाही. ही गोष्ट थाउंग पेनं लपवली.

मजुरांना मदत करणाऱ्या संस्थेत रत्तना म्हणून एक थाई वकीलबाई आहेत. न्यो न्यो मला ओढून तिथे घेऊन गेली. बाईंनी स्वच्छ सांगितलं. तुझ्या नावानं मागितलं, तर सरकारदरबारी चो सेइनची दोन बोटं गेली ती गेलीच. तू दहा बोटं घेऊन या देशात पाऊल टाकलंस की फसवणुकीखाली दोघी आत. थाउंग पेला ते ठाऊक आहे. तू गावात अडकून पडलीस, म्हणजे पेन्शनचे कागद फिरवायला दरवेळी त्याचीच वाट. पुढची वीस वर्षं तो आपल्या हातावर जेवणार.

दुसरा मार्ग असा. बाई म्हणाल्या, कामावर झालेल्या इजेची भरपाई ज्याला इजा झाली त्याची असते, कार्ड कुणाचंही असो. पण मला उभं राहून सांगावं लागेल की मी यिन न्वे, मी खोट्या नावानं राबले. दंड होईल, देश सोडावा लागेल. आणि तू लिहून द्यायला हवं की त्या दिवशी तू लाउंगलोनला होतीस, कार्ड तू मला दिलंस. मग तुझं कार्ड रद्द होईल आणि काही वर्षं तुला बंदी.

दोन्हीकडून तुझंच जातंय, हे मला दिसतंय. तरी विचारते. रोज आरशात गालांना थनाकाचा लेप लावताना मला वाटतं की यंत्रानं बोटं घेतली ती घेतली, आता उरलेलीही हा माणूस माझी म्हणू देत नाही. सुनावणी २८ मेला आहे. उत्तर लवकर पाठव, आणि रागावलीस तरी पाठव.

तुझी,
धाकटी

---

लाउंगलोन,
२४ एप्रिल

यिन न्वेस,

नाही. मी लिहून देणार नाही.

तीन वर्षं माझ्या नावावर जेवलीस. मी आईचं हगणं-मुतणं काढत होते तेव्हा तू माझ्या कार्डावर पगार घेत होतीस. आता वकीलबाई भेटली तर तुला खरं बोलायची हौस आलीये! खरेपणा पोट भरलेल्यांना परवडतो. मला बंदी झाली तर या घरात कोण कमावणार? तुझे भाऊजी?

नव्या वर्षाच्या जलोत्सवात ऊ थाउंग पे इकडे आला होता. बिस्किटांचा डबा आणि पेन्शनवरची उचल घेऊन. भाऊजींनी ती घेतली. मी नको म्हटलं नाही. आता झालं ते झालं. मुकाट्यानं त्याच्या कागदावर अंगठा लाव.

चो सेइन

---

लाउंगलोन,
१२ मे

चि. यिन न्वेस आशीर्वाद, घेणार असलीस तर.

तू उत्तर धाडलं नाहीस. बरोबर केलंस. मागच्या पत्राबद्दल मी तोंड दाखवायच्या लायकीची नाही, पण काय घडलं ते ऐक.

परवा थाउंग पे पुन्हा आला. फाइलीला चो सेइनचा ताजा फोटो हवा म्हणाला, जखमी हातासकट. मला ओसरीवर बसवलं, माझी दोन बोटं तळहाताकडे दुमडली आणि वरून पांढरी पट्टी करकचून बांधली. आणलेल्या बाटलीतून थोडा लाल रंगही लावला. म्हणाला, जरा तोंड पाड, दुखल्यासारखं कर, पाहुणीसारखी काय बसलीस. तुझे भाऊजी हसले. नटी शोभते म्हणाले.

मी खाली माझ्या हाताकडे पाहिलं. यिन, तो माझा हात नव्हता गं. तो तुझा होता. दोन महिने मी तुझी बोटं नुसती वाचत होते, तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

तेवढ्यात आई काठी टेकत बाहेर आली. तिनं तो हात पाहिला आणि अशी किंचाळली की शेजारची माणसं धावली. मी म्हणत राहिले की आई, खोटं आहे, हे बघ, नाटक आहे. दातांनी पट्टी सोडवली, बोटं हलवून दाखवली. ती प्रत्येक बोट चाचपत होती. मग विचारलं, नाटक कुणाचं करत होतीस? मी पट्टी गुंडाळत राहिले. ती म्हणाली, म्हणजे धाकटीची गेली. मी होय म्हटलं. आई आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी परसात जाऊन ओकले. थाउंग पेचा बिस्किटांचा डबा त्याच्या मोटरसायकलच्या चाकाखाली टाकला. उचलीतली निम्मी भाऊजींनी उडवलीये, उरलेली त्याच्या अंगावर फेकली. तो म्हणाला, दोन्ही बहिणी उपाशी मराल. मी म्हटलं, मरू, पण तुझ्या हातचं खाऊन जगणार नाही.

सोबत कागद आहे. गावच्या मुखियाची सही, विहारातल्या भिक्खूंची साक्ष, आणि खाली माझ्या दहाही बोटांचे ठसे. त्या दिवशी मी इथे होते, कार्ड मीच दिलं, असं लिहिलंय. बंदी होईल ती होवो. दॉ म्याच्या पाया पडून सांगितलंय की २८च्या आत पोचव.

तुला काय लिहू असं आईला विचारल्यावर तिनं एवढंच सांगितलं की तिला म्हणावं, भात कोण कालवून देतं? ते आईला कळव. मला नाही लिहिलंस तरी चालेल.

तुझी ताई

---

महाछाई,
९ जून

ती. ताईस, आणि आईच्या चरणी, सा. न. वि. वि.

कागद २७ला संध्याकाळी पोचला. दॉ म्यानं तो पोलक्यात लपवून आणला होता, घामानं एक ठसा जरा फुटलाय, पण नऊ पुरले.

आधी वाईट सांगते. न्यो न्योनं माझ्या बाजूनं साक्ष दिली, दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. कारण दिलं, नखं वाढवली होती. तुझं कार्ड रद्द झालं आणि पाच वर्षांची बंदी. मला दंड, आणि महिन्याभरात देश सोडायचा हुकूम. थाउंग पेला काही झालं नाही. तो कचेरीबाहेर बाकावर दुसऱ्या एका बाईशेजारी बसला होता, तिच्या पायाला प्लास्टर होतं. मला पाहून त्यानं ओळख दाखवली नाही. मी त्या बाईपाशी गेले आणि रत्तनाबाईंचा नंबर तिच्या हातावर लिहिला. तो बघतच राहिला.

कारखान्याचा वकील म्हणाला, ही बाई आमच्याकडे कामालाच नव्हती, वहीत पाहा. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी वही पाहिली, तुझे ठसे पाहिले, मग मला हात टेबलावर ठेवायला सांगितला. वकिलाला विचारलं, मग ही बोटं कुणाच्या यंत्रात गेली? वकील घड्याळ बघायला लागला. कारखान्यानं भरपाई द्यायची असं ठरलं. भिंतीवर तक्ता आहे, कुठल्या बोटाचे किती. अंगठा सगळ्यांत महाग. बाजारातल्या मासळीच्या दरांच्या पाटीसारखा तो तक्ता मी वरपासून खालपर्यंत वाचला. तरी पैसे घेतले. का नाही घेणार? ते माझेच आहेत. थोडे न्यो न्योला देतेय, ती नको म्हणतेय, आमचं भांडण चालू आहे.

आईला सांग, भात मीच कालवते, सांडतो थोडा. तुझ्यावर रागावले होते. फार. ते पत्र फाडलं नाही, पण परत वाचणारही नाही. आपण दोघींनी त्या माणसाला आपल्या घरात बसवलं, हे मी विसरणार नाही, तूही विसरू नकोस.

आणि एक सांगायचं राहिलं. निकालाच्या दिवशी आम्ही बाकावर बसलो होतो. खिडकीतून कुणा यिन न्वेला हाका मारत होते, एकदा, दोनदा. मी म्हटलं, कोण ही बाई, उठत का नाही? न्यो न्योनं कोपरानं ढोसलं. अगं, तुलाच बोलावतायत म्हणाली. तिसऱ्या हाकेला मी उठले.

पंचवीस तारखेच्या आत निघते. भाऊजी घरी नसतील अशा वेळी पोचेन.

तुझी,
यिन न्वे