काळे खडे, पिवळे डोळे

ता. ४, गुरुवार

चि. नातीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. हे पत्र तुझ्या भावाच्याच हाती पाठवते आहे. पाकीट डिंकाने चिकटवलंय, उघडलेलं दिसलं तर कळव. तो पितो, माझी खात्री आहे. डोळे हळदीसारखे पिवळे, दोन जिने चढला की धापा टाकतो. अंगाला वास कसला विचारलं, तर म्हणे गाड्यांना रंग मारतो, थिनरचा वास येणारच. चोराच्या उलट्या बोंबा. त्याचा पेला रोज हुंगते. गादीखाली, टाकीमागे, सगळीकडे शोधलं. माझ्या पोटातून काढलेले खडे ज्या बाटलीत ठेवलेत, तीसुद्धा हुंगली. काही सापडत नाही, म्हणजे पोरगा हुशार आहे.

पिणाऱ्याला माझ्या घरात जागा नाही. एक तारखेला त्याची ट्रंक दाराबाहेर. तू इस्पितळात लोकांची रक्तं तपासतेस, त्याचंही तपास. बहीण म्हणून झाकू नकोस.

लोभ आहे तेवढा पुरे, खरं काय ते लिही.

तुझी आजी

ता. १२, शुक्रवार

ती. आजीस सा. न. वि. वि.

पाकीट शाबूत पोचलं. दादा पीत नाही. आधी ऐक, मग ओरड.

रक्तातल्या प्रत्येक पेशीभोवती पातळ पडदा असतो, पेशीपटल. चरबीसारख्या पदार्थाचे दोन थर आणि त्यात बारीक दारं. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर काढायचं, ते हा पडदा ठरवतो. तुझ्यासारखाच, फक्त हुंगत नाही. दादाच्या तांबड्या पेशींचा पडदा आतून नीट बांधलेला नाही. त्याचे कपटे गळतात आणि चपटी पेशी चेंडूसारखी गोल होते. पोटात प्लीहा असते, तिच्या अरुंद वाटांतून चपटी पेशी दुमडून निघते. चेंडू अडकतो आणि फुटतो. त्यातला तांबडा रंग पिवळा होऊन डोळ्यांत उतरतो. रक्त कमी पडतं म्हणून धाप.

त्याचं आणि माझं रक्त मी फिक्या मिठाच्या पाण्यात घातलं. पाणी पडद्यातून आत शिरलं. माझ्या पेशींना फुगायला जागा होती. त्याच्या फुटल्या, नळी लाल झाली. डॉक्टरांनीही हेच निदान केलं. गोळ्या दिल्यात.

हा दोष बहुतेक घराण्यातून येतो. बाबांनाही बोलावलंय. अशा माणसांच्या पित्ताशयात काळे खडे होतात. आजी, तुझ्या बाटलीतले कुठल्या रंगाचे आहेत?

राग गिळून लोभ ठेव.

तुझी नात

ता. १९, शुक्रवार

चि. नातीस आशीर्वाद.

वि. वि. आधी वाटलं, बहीणभावाने संगनमताने मला गुंडाळलं. पत्र कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडून वाचून घेतलं. त्या म्हणाल्या खरं आहे, आणि माझ्या डोळ्यांकडेच बघत बसल्या.

खडे काळे आहेत, कोळशाच्या चुरीसारखे. इतकी वर्षं आल्यागेल्याला हौसेने दाखवले, एकाही शहाण्याने तोंड उघडलं नाही.

मग आरसा खिडकीशी नेला. तो जुना होऊन पिवळा पडलाय असं समजून मी रोज घासत होते. काल त्यात केस बघितले, तर पांढरेशुभ्र. म्हणजे आरशाला काही झालेलं नाही.

ट्रंक भरून दाराशी ठेवली होती, ती आत ओढली. रक्त द्यायला कधी येऊ ते कळव. सुई नवी आहे ना, ते मी बघणार.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

ता. क. संध्याकाळी पाणी प्यायला बसले होते. तुझ्या भावाने माझ्या हातातला पेला घेतला, डोळे मिटून हुंगला आणि परत दिला.