भट्टीचा काळा रंग

फ्रेजरपुरा, अमरावती
ता. १६ फेब्रुवारी १९६४

प्रिय पुंजा,

सप्रेम जय भीम. अक्षर ओळखून पत्र तसंच घडी करून ठेवशील, तुझी खोड मला माहीत आहे. ठेवू नको. लहानपणी कान धरून तुला अंकलिपी वाचायला लावली होती, तोच कान आता धरला आहे असं समज आणि शेवटपर्यंत वाच. येत्या उन्हाळ्यात पाच वर्षं होतील, बाप्पा, तू माझ्या घरचं पाणी प्यायला नाहीस. दीक्षा घेतल्यावर आपण भाऊबीज सोडली, तरी त्या दिवशी तू काम टाकून माझ्या चुलीपाशी बसून राहायचास. सण सोडला, बहीण थोडीच सोडली, असं म्हणायचास. मग सोडलीस की रे.

तुझ्या भाऊजींना स्मशानात नेलं त्या दिवशी तू अकोल्याहून आलास हे मी पाहिलं. पाहिलं नाही असं तुला वाटलं असेल, पण मी त्या गर्दीत दुसरं काय पाहत होते? तू गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाखाली उभा राहिलास. खांद्याला माणूस कमी पडत होता, मेव्हण्याला बोलवा म्हणून कोणीतरी ओरडलं, आणि तू जागचा हलला नाहीस. मला राग आला नाही. राग यायला तोंड पाहिजे आणि ते मला नव्हतं, का ते पुढे लिहिते. तेवढ्यात तू खोकलास. एकदा, मग पुन्हा, मग झाडाला हात टेकवून कितीतरी वेळ. माझं रडं तिथेच थांबलं. बायांना वाटलं मला भोवळ आली, कांदा आणा, कांदा आणा झालं. मी आपली तुझा खोकला ऐकत होते. आपली आई जाईबाई शेवटच्या महिन्यात असंच खोकायची, तू नऊ वर्षांचा होतास, तुला आठवत असेल.

आईनं तुला माझ्या पदरात टाकलं आणि मी तुला माझ्याबरोबर सासरी आणलं. भावाला घेऊन आलेली नवरी म्हणून लोकांनी काय कमी नाकं मुरडली? पण तुझ्या भाऊजींनी एक दिवस शब्द काढला नाही. आम्हाला लेकरू झालं नाही, तूच आमचं लेकरू. पुढे तू मोठेपणा करून सरकी काढायच्या जिनात लागलास, कापसाची तूस नाकातोंडात घेऊन यायचास आणि रात्रभर उशाला टेकून बसायचास, आडवं होता येईना. यांनीच मग तुला तिथून हाताला धरून काढलं. माह्या हाताखाली लोखंड वाकवजो, म्हणाले, कापूस खाण्यापेक्षा बरं. सायकलचे कॅरिअर, स्टँड, लेकराला पुढे बसवायची सीट, सगळं तू दोन वर्षांत शिकलास. हात चांगला होता तुझा. जोड असा लावायचास की नख फिरवलं तरी कळू नये. ते दिवस सुखाचे होते रे, मला तेव्हा ते कळलं नाही.

मग तू नागपूरहून ती रंग फवारायची गन आणलीस. माय माय माय, काय तो थाट! तोवर आपण ब्रशानं रंग देत होतो, एक कॅरिअर वाळायला अख्खा दिवस. तुझ्या गननं तासाभरात डझन व्हायचे, लाल, हिरवे, आरशासारखे. गल्लीतली पोरं, म्हातारे, सगळे बघायला उभे. आपल्या बापाला गावात कोणी सरळ नावानं हाक मारली नाही, आणि तुला इतवारा बाजारातले दुकानदार पुंजाजी पेंटर म्हणायला लागले. तू हे ऐकून कसा चालायचास ते मी पाहिलं आहे. म्हणूनच तर घोडं अडलं. कारण अर्धा रंग कॅरिअरवर बसायचा आणि अर्धा हवेत, आणि हवेतला कुठं जातो हे मला तुझ्या उशीवर दिसत होतं. सकाळी उशीवर त्याच रंगाचा डाग. सांगितलं नाही असं नाही. नाकाला ओलं फडकं बांधायला लावलं, दोन दिवस बांधलंस, तिसऱ्या दिवशी म्हणालास, फडकं बांधून काय डाकू दिसू लोकायले? छातीचं नाव काढलं की तू असा चिडायचास, जणू आम्ही तुला पुन्हा जिनातला पोरगा करून टाकतो आहोत.

म्हणून भाऊजींनी छातीचं नाव काढणं सोडलं आणि रंगाचं भांडण काढलं. तुला वाटलं यांना तुझी गन पाहवत नाही. ते आपले रोज घोकायचे, फवाऱ्याचा रंग दिसायला नवरदेव आणि टिकायला पाहुणा. मे महिन्यात उन्हानं मऊ पडतो, मागे बसणाऱ्या बाईच्या पातळाला लागतो, दोर आवळला की टवके निघतात. भट्टीचा रंग पहा म्हणायचे, काळ्या रंगात बुडवायचा, टांगून निथळू द्यायचा आणि भट्टीत भाजायचा. मग दगडावर आपटा, निघणार नाही. खोटं नव्हतं बोलत, पण खरं कारण ते नव्हतं. ना फवारा, ना धूर नाकात, तू नुसता दारात बसून भट्टीचा ताव पाहायचा, एवढंच त्यांना हवं होतं. तू म्हणालास, काळ्या रंगाले कोण विचारते? दुकानदारही तेच म्हणाले. ऐकायचे नाहीत पण, गाढवासारखे अडून बसले.

भट्टी नव्हती तेव्हा रहीमचाचांच्या बेकरीत काय प्रताप केलात ते आठवतं का? पाव काढल्यावर भट्टीत ऊब उरते, ती फुकट काहून घालवायची, असं म्हणून दोघांनी चाचांना गोडीत घेतलं आणि सहा कॅरिअर आत टांगले. ताव किती आहे कळेना. तेव्हा तूच खिशातून ज्वारीचे दाणे काढलेस, डब्याच्या झाकणावर टाकून आत सरकवलेस. दाणा बदामी झाला की रंग पिकला, लाही फुटली की करपला. तुझ्या भाऊजींनी त्या दिवशी तुझी पाठ थोपटली होती. रंग बसला झकास! पण दुसऱ्या दिवशी पहाटे अख्ख्या मोहल्ल्यानं चहात पाव बुडवला आणि रंगाच्या वासानं थुंकला. चाचा पावाची टोपली घेऊन आले, आपल्या ओट्यावर आदळली आणि म्हणाले, लो, अब तुम खाओ. भाऊजी बिचारे खरंच एक पाव उचलून खायला लागले, आणि तू इतका हसलास, इतका हसलास, की हसण्याचा खोकला झाला. तो थांबेचना. ओठ निळे पडले. मग तू मोरीत थुंकलास ते लालभडक. मी किंचाळले. तू तोंड पुसून पुन्हा हसलास, म्हणालास, वेडी का तू बाई, रक्त नाही ते, सकाळी लाल लॉट मारला न. भाऊजी हसले नाहीत. त्यांच्या हातातला पाव तसाच राहिला आणि त्याच दुपारी त्यांनी परसात स्वतःच्या भट्टीचा पाया आखला.

पुढचं तुला पाठ आहे. तू रंगाचं पार्सल सोडवायला बडनेऱ्याला गेलास, परत आलास तर खुंटीवर गन नाही. भाऊजी अर्ध्या भट्टीपाशी चिखलाचे हात घेऊन उभे. तू विचारलंस आणि ते म्हणाले, मी विकली, विटा आणल्या. मग तू जे बोललास ते गल्लीनं ऐकलं. पोटावर पाय दिला म्हणालास. चोर म्हणालास, तीनदा. ज्या माणसानं तुला जिनातून हाताला धरून काढलं तो खाली मान घालून विटेवर चिखल थापत राहिला. संध्याकाळच्या गाडीनं तू अकोल्याला गेलास. आम्हाला वाटलं, आठ दिवसांत राग उतरेल, हाताला गन नाही, जाईल कुठं? दोन महिन्यांत कळलं, तिथल्या नत्थुजींनी मोर्णा नदीच्या पुलाजवळच्या त्यांच्या सायकलच्या दुकानात तुला ठेवून घेतलं आणि नवी गन हातात दिली. तुला वाचवायला गेलो, आणि झालं काय, तर फवारा तसाच राहिला, फक्त आमच्या नजरेआड झाला. इथं असतास तर निदान ओलं फडकं तरी बांधलं असतं.

काळा रंग मग चालला, तुला सांगते. पहिलं वर्ष फार वाईट गेलं, मग बाळापूरकडचा एक दुकानदार म्हणाला, तुमचं कॅरिअर दोन पावसाळे पाहिलं, तसंच आहे. तिथून मागणी वाढली. प्रत्येक लॉटला भाऊजी झाकणावर ज्वारी टाकायचे आणि म्हणायचे, पुंजाची जवारी आण. पुंजाचीच म्हणायचे, शेवटपर्यंत. काविळीत पडले तेव्हा लॉट मी काढला. मला नाही साधत ते. दाणा बदामी कधी होतो ते डोळ्याला कळायच्या आत माझ्या लाह्या फुटतात. अंथरुणावरून वास घेऊन ते सांगायचे, करपला, बाहेर काढ. आता ते सांगणारंही कोणी नाही.

मागच्या रविवारी नत्थुजी आले होते. तुझा नवरा देवीदास गेला, त्याच्या मागे बाई तुझं कसं चाललं ते पाहायला आलो, म्हणाले, भला माणूस. चहा घेताना मान खाली घालून बोलले. बाई, म्हणाले, हप्ताभर हिरवाच लॉट मारून राहिला पुंजा, अन् रुमाल लाल. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरनं गन सोडायला सांगितली. याचं उत्तर काय, तर दुसरं येते काय मले?

म्हणून लिहिते. गन भाऊजींनी विकली नव्हती. घेतलीही नव्हती. खुंटीवरून ती मी काढली, पदराखाली परसात नेली, भट्टीच्या अर्ध्या भिंतीत ठेवली आणि वरून चिखल-वीट लावली. भाऊजी आले तेव्हा माझे हात बरबटलेले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्वतः चिखलात हात घातले. तू ओरडलास तेव्हा मी तोंड उघडणार तेवढ्यात ते बोलून गेले. काहून घेतला अंगावर आळ, म्हणून मी नंतर भांडले, तर म्हणाले, मी भाटवा, बहिणीचा नवरा, मी तुटलो तर पोराचं काही जात नाही, बहीण तुटली तर त्याले घर नाही राहत. आणि मी इतकी वर्षं गप्प बसले. आज लिहीन, उद्या लिहीन. ते अंथरुणावर होते तरी म्हणायचे, तुले जमंल तेव्हा सांगजो. मला जमलं नाही. तू कडुलिंबाखाली उभा होतास तेव्हा चार पावलं चालून सांगता आलं असतं, तर त्यांना तुझा खांदा मिळाला असता. तो तू नाही नाकारलास, पुंजा, तो मी घालवला. याची माफी मी कोणाकडे मागू? ते तर गेले. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नको, भट्टीची उजवी भिंत फोड, खालून चौथ्या ओळीत तुझी गन आहे. भिंत पुन्हा बांधू. ज्वारी मी निवडून ठेवली आहे, दाण्याकडे पाहणारे डोळे तुझे हवेत, तेवढं तुला येतं. चोर म्हणायचं असेल तर मला म्हण, पण घरात येऊन म्हण.

तुझी थोरली बहीण, तुझीच बाई,
शकुन