गळ्याचं बटण

अहो मास्तर,

मी दुकान उघडायला गेले आहे. तुम्हाला गाढ झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. टी-शर्ट शोधू नका, सगळे मुद्दाम भिजत घातलेत. खुर्चीवर तुम्हीच शिवलेला पांढरा शर्ट आहे, तोच घाला.

उजव्या हाताचं प्लास्टर निघाल्यापासून डॉक्टरांनी दाबायला दिलेला चेंडू कपाटावर धूळ खातोय. "उद्यापासून नक्की" ऐकून माझे कान किटले. व्यायामाचं नावच काढू नका. दूध तापेपर्यंत गॅसपाशी उभं राहावंच लागतं ना? तेवढ्या वेळात त्या हातानं एक बटण लावायचं. रोज. आज एकच लागलं तर उघड्या छातीनं चहा प्या, घरात कोण बघतंय! चिडून शर्ट फेकलात तरी चालेल, दूध मात्र उतू घालवू नका.

गिऱ्हाइकं विचारतात, मास्तर कधी येणार? शिलाई मी रेटतेय, पण कापड बेतायला तुम्हीच हवेत. तुमची कात्री जागच्या जागी आहे, कुणाला हात लावू दिलेला नाही.

गळ्याचं बटण तेवढं राहू द्या. हात धड होता तेव्हाही ते मीच लावायची.