विभूती राहत नाही

३ जुलै
आजही राहिली नाही. अप्पांनी नेहमीसारखी सातला माझ्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढली, पट्टे उमटले, आणि मी चहा ठेवेपर्यंत ते ओघळून भुवयांत आले. घाम नव्हता. पंखा चालू होता.
अप्पा हसले. "शिवू, कपाळ हाय का काच?"
रेणूला हे सांगितलं तर उड्या मारील. काचेसारखा चेहरा, हेच तर तिला हवं होतं. रेणू माझी आतेबहीण, अप्पांची भाची, नांदेडला कॉस्मेटिक्सच्या दुकानात कामाला. मे महिन्यात आली तेव्हा कोरियन सामान ठेवून गेली. आधी तेलानं तोंड पुसायचं, मग फेसानं धुवायचं, मग पांढऱ्या बाटलीतलं चिकट पाणी. चोळायचं नाही, बोटांनी थापटत जिरवायचं. वर क्रीम, उन्हाचं क्रीम. मी एक दिवस चुकवलेलं नाही. सांगितलेलं चुकवणं मला जमतच नाही.
डाग सगळे गेले. ते पाणी फार विचित्र. बोटं मिटून उघडली की मध्ये तार येते, पाकासारखी.

६ जुलै
नायगावचे पाहुणे येऊन गेले. पसंती.
मुलगा शिक्षक. शांत. चहात साखर घालायची राहिली होती, त्यानं कुणाला कळू दिलं नाही. मला आवडला. हो, आवडला.
त्याच्या आईनं (इथून पुढे ना. बाई) माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. "घरचं तेज हाय हे. आजकालच्या पोरी तोंडाला काय काय थापायल्यात, मला ते चालत न्हाई."
मम्मी लगेच, "छे हो! आमच्याकडं हळद-बेसनाशिवाय काहीच नाही."
मी ताटलीतल्या शेवेकडे बघत राहिले. गप्प बसणं म्हणजे खोटंच. दुसरीपर्यंत मला शाळेत घातलं नव्हतं, अप्पा दुकानाच्या गादीवर बसवून शिकवायचे. परातीत विभूती पसरून तिच्यात अक्षरं गिरवायची. चुकलं की तळहात फिरवायचा, कोरं. "अक्षर असं पुसता येतं शिवू," म्हणायचे, "खोटं न्हाई."
कुंकवाचा कार्यक्रम एक ऑगस्टला. आमच्याकडेच, लातूरला.

९ जुलै
खिडकीच्या फरशीवर एक चंदेरी रेघ. वाळलेली. बाहेरून आत आलेली, परत गेल्याची खूण नाही. आमचा दुसरा मजला.
मम्मी म्हणाली, पाल असंल. पालीची रेघ असते का?

१३ जुलै
शिरूर अनंतपाळला काकांकडे. सोयाबीन नुकतं वर आलंय आणि शंखी गोगलगायींनी शेंडे कुरतडलेत. शेतात बारदान पसरतात, गुळाच्या पाण्यात भिजवलेलं. रात्रीतून त्याखाली जमतात, सकाळी वेचायच्या.
काकूनं माझं तोंड बघून कपाळाला हात लावला. "अगं बया! तुला अंधारात उभी केली तर लाइट नको. काय लावायलीस गं?"
"काही नाही." दुसरं खोटं.
काकूनं बारदानाखालची एक उचलली. शंख आणि तिचं बोट यांच्यात तार आली. पाकासारखी.
मी बांधावर जाऊन रेणूला फोन लावला. ती हसायलाच लागली. "तुला मालूम न्हवतं का? गोगलगायीचंच पाणी हाय ते! सगळ्या जगात लावतात, येडे."
"आपण लिंगायत आहोत, रेणू."
"तू खातीस का ते? लावतीस. आन् मारत न्हाईत काय, नुसत्या जाळीवरनं चालवतात म्हणे."
म्हणे.
परत आले तेव्हा काका ढिगावर मीठ ओतत होते. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा बारीक आवाज. मग फेस. तो आवाज ऐकताना माझे गाल आवळले गेले, कुणी आतून दोरी ओढावी तसे. ऊन होतं, उन्हानं असेल.

१४ जुलै
बंद केलं. सगळं. बाटली कपाटात मागं ठेवली.
पूजेला बसले तर इष्टलिंग तळहातावरून घसरलं. उजव्या हातानं झेललं म्हणून. पडलं असतं तर…
हात राखेनं घासले, मग पुन्हा घासले. दोन महिने याच बोटांनी ते थापटलं आणि याच बोटांनी पूजा केली. मुंगीवर पाय पडू नये म्हणून मला खाली बघून चालायला शिकवलं होतं.

१९ जुलै
कमी व्हायला हवं होतं ना? उलट वाढलंय. काही न लावता, नुसतं पाणी मारून. मम्मी खूश. "बघ, अंगातच हाय ते."
विभूती नाहीच राहत. अप्पा आता हसत नाहीत. ओल्या हातानं लावून बघितली, कोरड्या हातानं बघितली. आज त्यांनीच स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाल्या, "इतकी चांगली स्किन मी बघितली नाही. काय लावता?"
अप्पा माझ्याकडे बघत होते.  रिक्षात एवढंच म्हणाले, "सांगावंसं वाटलं तर सांग."
सांगितलं नाही. लग्न मोडेल या भीतीनं नाही. (खरं लिही.) त्याच भीतीनं.

२१ जुलै
वरणात मीठ टाकताना चिमूट गालाला लागली. असं भाजलं की पळी खाली पडली. आरशात लाल ठिपका, कडेला बारीक फेस. फेस मी पुसला. कदाचित साबण असेल, भांडी घासून आले होते.
मम्मी सध्या बसल्या जागी रडते, पोरगी चालली म्हणून. मलाही रडू आलं. डोळ्यांतून जिथून खाली उतरलं तिथे दोन लाल ओळी उठल्या. शेवटी तेही मिठाचंच पाणी.
मम्मी म्हणाली, "आता नको रडू, पाठवणीच्या वेळेला रड."
कसं रडू?

२३ जुलै
सकाळी उशीवर रेघ. खिडकीपासून भिंतीवरून, पलंगाच्या पायावरून, उशीवर. तिथं संपलेली. पलंगाखाली, गादीखाली, कपाटात बघितलं. एकही गोगलगाय नाही. मम्मीच्या खोलीत नाही, देवघरात नाही.
बाटली ठेवायची नाही. पण टाकायची कुठे? मोरीत ओतायला मन होत नाही. जिवातून आलेलं आहे ते.

२४ जुलै
कार्यक्रमाचं बोलावणं द्यायला अप्पा काकांकडे निघाले, मी बरोबर गेले. सगळे चहाला बसले तेव्हा बांधाच्या बोरीखाली जाऊन बाटली उलटी केली. ज्याचं त्याला. माती सावकाश प्यायली. मी हात जोडले. कुणी बघितलं असतं तर वेडी म्हणालं असतं.
येताना हलकं वाटलं. एसटीत झोप लागली, किती दिवसांनी.

२७ जुलै, सकाळ
सातला अप्पा विभूती लावत होते आणि मधेच त्यांनी हात मागे घेतला. "अगं, तापलीस का?" माझ्या तोंडातून आवाज निघाला म्हणे. मला एवढंच आठवतं की चेहरा एकदम आत ओढला गेला, सगळीकडून. पाच मिनिटं असेल. मग काही नाही. अप्पांच्या बोटांना ओल लागली होती, ती त्यांनी धोतराला पुसली. नंतर पुसलेली जागा बराच वेळ बघत बसले.

२७ जुलै, संध्याकाळ
काकांचा फोन. खुशीत. "शिवू, इपरीतच झालं बघ! बोरीखाली सगळ्या एका जागी, ह्यो ढीग! बारदानाकडं एक जाईना. आपसूक काम झालं. सकाळी सातला अर्धं पोतं मीठ ओतलं."
मी वेळ विचारली नव्हती. त्यांनीच सांगितली.

२९ जुलै
अप्पांना सगळं सांगितलं. पाणी, खोटं, बोर, मीठ.  मग म्हणाले, "पहिलं नायगावला फोन लाव. बाकीचं मला कळत न्हाई, पण एवढं कळतं."
ना. बाईंना सांगितलं.  त्या हसल्या. "एवढंच व्हय? मी म्हणलं काय असंल! गोगलगाईचं असू दे न्हाई तर म्हशीचं, गुण आला न्हवं? लग्नापतोर लावत ऱ्हा."
म्हणजे लग्न राहिलं. मला आनंद व्हायला हवा. झालाही. पण ज्याला भीत होते ते एवढंसं निघालं, आणि दुसरं आहे तिथेच.

३१ जुलै
उद्या कार्यक्रम. अकराला ना. बाई माझ्या कपाळाला कुंकू लावतील. मम्मीनं आज तालीम म्हणून लावून बघितलं. नाकापर्यंत ओघळलं. मम्मी घाबरली, मग म्हणाली, "उद्या मेण लावू आधी." अप्पा दारात उभे होते.
संध्याकाळी काकांना फोन केला, लवकर निघा म्हणून.
"निघतो की. पैल्या गाडीनं काकू येईल, मी मागनं. बोरीखाली पुन्हा जमल्यात, पैल्यापेक्षा जास्ती. पोतंभर मीठ आणून ठेवलंय. तेवढं टाकतो आन् निघतो."
"काका, उद्या नका टाकू."
"का गं? समदं सोयाबीन जाईल की."
काय सांगू? त्यांचं सोयाबीन खरं आहे. माझं काय खरं आहे ते मला लिहितासुद्धा येत नाही.
"एक दिवस राहू द्या."
"मग काय करू? ओवाळू का त्यास्नी?" आणि मोठ्यानं हसले. मागून काकूही हसली.
"किती वाजता टाकणार?"
"सातला. ऊन चढायच्या आत."
फोन ठेवला. फोनच्या काचेवर गालाची ओली रेघ होती, चंदेरी. ओढणीनं पुसली.
अप्पांनी देवघरात विभूती काढून ठेवली आहे. "उद्या काही झालं तरी मीच लावणार," म्हणालेत. सातला त्यांची बोटं माझ्या कपाळावर असतील.